दिवा होता का?

सायकलवाल्याला मोटारीने उडवलं अशी बातमी आली, की ऐकणारा माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, याकडे कधी लक्ष दिलंय का? "फार लागलं का हो?" हा बहुतेक वेळा दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो, "सायकलला दिवा होता का?" घटना दिवसा घडली असेल, तर "कडेने चालला होता का?" मोटार किती वेगात होती, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे एक सवय लागून गेली आहे. सगळेजण एकच प्रश्न विचारू लागले, की तो प्रश्न पहिल्यांदा कुणी आणि कधी विचारला असेल, हे शोधावंसं वाटतं. या दिव्याच्या प्रश्नाचंही तसंच झालं. शोधत गेलो तर तो प्रश्न चांगला शंभर वर्षांचा निघाला, आणि त्याच्यावर एका देशात जोरदार भांडण झालं होतं असंही कळलं. म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

सुरुवात मात्र पुण्यापासून करतो, कारण आमच्या पिढीचा आणि सायकलच्या दिव्याचा संबंध फार जवळचा.

मी १९६७ साली कॉलेजसाठी पुण्यात आलो. तेव्हाचं पुणं म्हणजे सायकलींचं शहर. प्राध्यापक सायकलवर, विद्यार्थी सायकलवर, पोस्टमन, दूधवाला, पेपरवाला, कचेरीतले कारकून, सगळे सायकलवर. खडकीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता भरून सायकलींचा लोंढा येई. त्या वेळी एखादी मोटार त्यात सापडलीच, तर ती बिचारी हॉर्न वाजवत मुंगीच्या पावलांनी मागून येत असे. रस्ता कुणाचा, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. जे जास्त होते त्यांचा!

आता कायद्याचा धाक नव्हता असं नाही बरं का. धाक होता, आणि तो सायकलवाल्यालाच होता. सायकलवर महानगरपालिकेचा कर असे. तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला मिळे, आणि तो सायकलला लावावा लागे. डबलसीट बसायची बंदी. आणि तिन्हीसांजेनंतर दिवा हवाच. चौकात पोलीस उभा दिसला की मागे बसलेला टुणकन उडी मारून पायी चालू लागे, आणि दिवा नसलेला सायकलवरून उतरून ती हातात धरून नेई. सापडला तर दंड, नाहीतर पोलीस चाकाची हवा सोडून देई. मग पंप शोधत हिंडायचं. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना हसू आलं असेल.

तो दिवा तरी कसा होता? घासलेटचा. छोटीशी टाकी, वात, पुढे काच, आणि हँडलजवळच्या पट्टीला अडकवायची सोय. खड्ड्यात चाक गेलं की विझायचा. पुढे डायनॅमो आले. चाकाला घासून फिरणारी ती बाटली आणि पायाला जाणवणारा तो जडपणा आठवतो का? डायनॅमोचा उजेड घासलेटपेक्षा बरा, पण सायकल थांबली की दिवाही गेला. म्हणजे चौकात उभं असताना, जिथे खरी गरज तिथेच अंधार.

या घासलेटच्या दिव्याची एक गंमत आहे. त्याने रस्ता दिसत नसे. दोन हातांवरचा खड्डासुद्धा दिसत नसे. मग तो कशासाठी? तर आपण येतोय हे दुसऱ्याला कळावं यासाठी. म्हणजे तो दिवा पाहण्यासाठी नव्हता, दिसण्यासाठी होता. ही गोष्ट साधी वाटते, पण शंभर वर्षांपूर्वीचं भांडण नेमकं यावरूनच झालं. ते झालं इंग्लंडात, आणि आपल्या रस्त्याचे नियम, डाव्या बाजूने चालण्यापासून ते १९१४ च्या पहिल्या मोटार कायद्यापर्यंत, तिथल्याच घडणीचे. म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ.

इंग्लंडात मोटार येण्याच्या आधी रस्त्यावरचा 'धोका' म्हणून सायकलवालाच ओळखला जाई. पायी चालणारे आणि घोडागाडीवाले त्याच्या नावाने बोटं मोडत. १८७९ सालचा एक खटला प्रसिद्ध आहे. सायकल बेफाम दामटल्याबद्दल एकाला शिक्षा झाली. त्याचं म्हणणं असं, की कायद्यात 'गाडी' बेफाम हाकण्याला शिक्षा आहे, सायकल ही गाडीच नव्हे. न्यायालयाने सांगितलं, गाडीच आहे. हा निकाल सायकलवाल्याच्या विरुद्ध गेला, पण त्यातून त्याला एक मोठी गोष्ट मिळाली. सायकल गाडी ठरली, म्हणजे रस्त्यावर तिचा गाडीइतकाच हक्क आणि गाडीइतकीच जबाबदारी. पुढे १८८६ मध्ये सायकलवाल्यांच्या संघटनांनी मिळून रस्ते सुधारण्यासाठी एक संस्था काढली. मोटारी धावायच्या कितीतरी आधी चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ केली ती सायकलवाल्यांनी! पुढे त्याच गुळगुळीत रस्त्यांवर मोटारी आल्या.

(याच सुमाराला सायकल आपल्याकडेही पोचली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. नांगर, पंप आणि इंजिनं बनवणाऱ्या उद्योगाचं मूळ सायकलच्या दुकानात आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांना फार गंमत वाटायची.)

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात मोटारी वाढल्या आणि रात्रीचे अपघातही वाढले. मोटारवाले म्हणू लागले, सायकलवाला आम्हाला मागून दिसत नाही, त्याने मागे लाल दिवा लावलाच पाहिजे. तुम्हा-आम्हाला हे म्हणणं रास्तच वाटेल. पण सायकलवाल्यांनी, विशेषतः १८७८ मध्ये सुरू झालेल्या सायकलिस्ट्स टूरिंग क्लबने, याला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा काय होता पाहा. मागून जो येतो त्याने पुढे पाहून चालवायचं, हा रस्त्याचा पहिला नियम. मोटारवाल्याने आपल्या दिव्याच्या उजेडात जितकं दिसतं तितक्या अंतरात थांबता येईल अशाच वेगाने गाडी चालवावी. आज सायकलवाल्याने मागे दिवा लावायचा असं ठरलं, तर उद्या दिवा नसलेल्या सायकलवाल्याला उडवणारा मोटारवाला निर्दोष ठरेल. मग पायी चालणाऱ्या म्हाताऱ्याचं काय? रस्त्यातल्या गाईचं, पडलेल्या झाडाचं काय? त्यांनाही दिवे लावणार का?

म्हणजे भांडण दिव्याचं नव्हतंच. काळजी कुणी घ्यायची, याचं होतं.

१९२७ च्या कायद्याने मध्यम मार्ग काढला. मागे लाल दिवा लावा, नाहीतर उजेड पडला की चमकणारी लाल काच लावा. १९३० च्या दशकात मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा आला. आपल्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डचं टोक पांढरं रंगवलेलं असे आणि त्यावर लाल काच असे, आठवतं ना? त्या पांढऱ्या टोकामागे एवढं मोठं भांडण आहे, हे मला तरी तोवर ठाऊक नव्हतं.

त्याच दशकात तिकडे आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९३० च्या कायद्याने मोटारींवरची ताशी २० मैलांची वेगमर्यादा काढूनच टाकली. १९३४ साली ब्रिटनमध्ये रस्त्यावर ७,३४३ माणसं मेली, त्यातली जवळजवळ निम्मी पायी चालणारी. मग घाईघाईने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आणि वाहन चालवण्याची परीक्षा आली. आणि डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर सुमारे अडीच मैलांचा सायकलमार्ग मंत्री होर-बेलिशा यांच्या हस्ते सुरू झाला. सायकलवाले त्याच्याही विरुद्ध! त्यांना वाटलं, आज कडेला वेगळी वाट दिली, उद्या मुख्य रस्त्यावरून हाकलतील.

सायकलवाल्यांचं तत्त्व बरोबर होतं असं मला वाटतं. पण अंधाराला तत्त्व कळत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, विमानांच्या भीतीने सगळीकडे दिवे बंद झाले, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं आली. त्या काळोखात सायकलला मागचा दिवा सक्तीचा झाला, आणि युद्ध संपल्यावर ती सक्ती कायम राहिली. पेट्रोल मोजून मिळत होतं, रस्त्यावर मोटारी कमी होत्या, तरी १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये रस्त्यावर ९,१६९ माणसं मेली. त्या देशात एका वर्षात इतके मृत्यू आधी कधी झाले नव्हते, नंतरही नाहीत. आता यातून काय शिकायचं? दिवा लागतो, हे खरंच. पण सगळ्यात जास्त माणसं मेली ती मोटारीचे दिवे झाकले तेव्हा, हेही लक्षात ठेवायला हवं. समोरचं दिसत नसताना धावणं, हा खरा धोका होता.

आता परत पुण्यात येऊ.

१९७२ साल पुण्याच्या रस्त्यांच्या इतिहासात मोठं आहे. त्या साली लूना आली आणि त्याच साली बजाजची चेतक आली. दोन्ही पुण्याच्याच घरच्या. चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, घरात लग्न ठरलं की स्कूटरच्या नंबराची चौकशी होई. लूना मात्र पगारदार माणसाच्या आवाक्यातली. तिला पेडलही होतं, म्हणजे ती जवळजवळ सायकलच्या घरातलीच! पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, १९८४-८५ मध्ये बिनगिअरची कायनेटिक होंडा आणि कमी पेट्रोलवर पळणारी हिरो होंडा आली. शहर पाहता पाहता पायडलवरून पेट्रोलवर गेलं.

इंग्लंडात मोटारवाला आणि सायकलवाला ही बरीचशी दोन वेगळ्या वर्गांतली माणसं होती. आपल्याकडे तसं झालं नाही. आपल्याकडे सायकलवाला आणि स्कूटरवाला हा एकच माणूस होता, मध्ये पाच-दहा वर्षांचं अंतर. मी शिक्षक-खोलीत हे डोळ्यांनी पाहिलंय. ज्या मास्तरांनी वीस वर्षं सायकल चालवली, तेच स्कूटर घेतल्यावर सहा महिन्यांत म्हणू लागत, "हे सायकलवाले फार मध्ये मध्ये येतात हो!" माणूस वाईट झाला होता का? अजिबात नाही. त्याचा वेग बदलला होता, आणि वेगाबरोबर रस्ता दिसण्याची रीतच बदलते. सायकलवरून रस्त्यावर माणसं दिसतात, स्कूटरवरून अडथळे दिसू लागतात.

यात थोडं गणितही आहे. ताशी १५ किलोमीटरने जाणारा सायकलवाला सेकंदाला साधारण ४ मीटर जातो. ताशी ५० ने जाणारी मोटार सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेककडे जायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर ब्रेक लागायच्या आतच मोटार १४ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे दोन वर्गखोल्यांच्या लांबीइतकी. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. सायकलींच्या लोंढ्यात अडकलेल्या त्या जुन्या मोटारीपासून धोका नव्हता, कारण तिचा आणि सायकलींचा वेग एकच होता. भांडण सुरू झालं ते दोघांच्या वेगात फरक पडला तेव्हा.

पुण्यातून सायकलला कुणी हद्दपार केलं नाही. तसा कायदा झाला नाही, मोर्चा निघाला नाही. बिल्ले गेले, दिव्याचा दंड मागे पडला, म्हणजे सायकलवाल्याला खरं तर सवलतीच मिळाल्या! तरी तो गेला, कारण त्याला भीती वाटू लागली. शाळेचा सायकल-स्टँड हा मला या इतिहासाचा सगळ्यात चांगला पुरावा वाटतो. सत्तरच्या दशकात उशिरा येणाऱ्या मुलाला तिथे सायकल लावायला जागा मिळत नसे. मी निवृत्त झालो तेव्हा त्याच शेडच्या अर्ध्या भागात शिक्षकांच्या दुचाक्या उभ्या असत. मुलं आईवडिलांच्या स्कूटरवरून किंवा रिक्षा-व्हॅनमधून येत. का, तर रस्त्यावर गाड्या फार, सायकल पाठवायची भीती वाटते. आणि मुलांना सोडायला आलेल्या त्याच गाड्यांनी शाळेसमोरचा रस्ता असा तुंबे, की उरलेल्या सायकलवाल्या मुलांना तो ओलांडता येत नसे. एकाची भीती दुसऱ्याचा धोका बनते, ती अशी.

२०१८ साली वर्तमानपत्रांत बातमी होती, की पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येपुढे गेली. माणसं सुमारे ३५ लाख, वाहनं ३६ लाखांवर.

आता एक अलीकडची हकीकत सांगतो. आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक वॉचमन होते. मूळचे बीडकडचे, पन्नाशीचे. सगळे त्यांना मामा म्हणत. २०१९ च्या पावसाळ्यात रात्री कामावर येताना त्यांना मागून मोटारीने धडक दिली. गाडी थांबली नाही. पाय मोडला, चार महिने घरी बसले. सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी जमलेल्या मंडळींनी काय विचारलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. दिवा होता का? दिवा होता. मामांनी हँडलला जुन्या ट्यूबच्या रबराने बॅटरी बांधली होती. ती पुढे होती, गाडी मागून आली. मागची लाल काच केव्हाच पडून गेली होती.

बरं, ही चौकशी नुसती फाटकापाशी थांबत नाही. मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे दोष सिद्ध करून भरपाई मागितली, तर जखमी माणसाचाही काही निष्काळजीपणा होता का हे पाहिलं जातं, आणि असला तर भरपाईतून तेवढा भाग कापला जातो. म्हणजे 'दिवा होता का' या प्रश्नाला पैशात किंमत आहे. मामांच्या बाबतीत गाडीच सापडली नाही, म्हणून तो प्रश्न तिथवर गेला नाही इतकंच.

मामा बरे झाल्यावर त्यांनी हप्त्यावर एक जुनी स्कूटर घेतली. मी म्हटलं, "मामा, पेट्रोल परवडतं का?" ते म्हणाले, "परवडत न्हाई सर. पण सायकलवर असलं की माणूस दिसतच न्हाई कुणाला. गाडीवर असलं की दिसतं." पगारातला किती भाग त्या स्कूटरच्या हप्त्यात जात होता, हे मला माहीत आहे. मामांनी विकत घेतलेली वस्तू स्कूटर नव्हती, रस्त्यावर दिसण्याचा हक्क होता.

यावर काही उपाय आहे का? एका देशाने शोधला, म्हणून त्याचं उदाहरण देतो. हॉलंड. सगळ्यांना वाटतं तिथे पूर्वीपासूनच सायकलींचं राज्य आहे. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली कमी होत चालल्या. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. व्हिक लाँगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी त्याच वर्षी गेली. त्याने १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता, 'बालहत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांना पुन्हा एकदा दिसलं. पुढच्या वर्षांत वेगळे सायकलमार्ग आले, वस्तीत मोटारींचा वेग कमी केला गेला. २०२३ मध्ये तिथे रस्त्यावर ६८४ माणसं मेली. मृतांत आता सायकलवाल्यांचाच गट सर्वांत मोठा आहे, त्यातही म्हातारे जास्त, त्यामुळे स्वर्ग तिथेही नाही. पण १९७१ चा आकडा शेजारी ठेवून पाहा.

मला त्यांच्या कायद्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोटारीची सायकलवाल्याला किंवा पायी चालणाऱ्याला धडक बसली, तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याकडे. आपल्याला टाळणं अशक्य होतं, हे त्याने सिद्ध करायचं. सायकलवाल्याची चूक असली तरी सहसा निम्मी भरपाई त्याला मिळतेच, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पूर्ण. आणि गंमत म्हणजे तिथेही सायकलला पुढे पांढरा, मागे लाल दिवा लागतोच. नाही लावला तर दंड होतो. म्हणजे 'दिवा होता का' हा प्रश्न तिथे पोलीस विचारतात, पण त्याच्या उत्तरावर मोटारवाला सहसा सुटत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज सायकलवाल्यांना हेच हवं होतं. ब्रिटननेही जानेवारी २०२२ मध्ये आपल्या रस्ते-नियमावलीत स्पष्ट लिहिलं, की जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त.

आपला कायदाही त्या दिशेने थोडाथोडा सरकला आहे. १९८२ मध्ये, दोष कुणाचा हे न पाहता मृताच्या वारसांना १५ हजार रुपये देण्याची तरतूद झाली. १९८८ च्या कायद्यात ते २५ हजार, १९९४ मध्ये ५० हजार झाले. २०१९ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, ते ५ लाख झाले, आणि गंभीर जखमीला अडीच लाख. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर वेगळी तरतूद आहे, मृतासाठी २ लाख आणि गंभीर जखमीसाठी ५० हजार. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत, पायी चालणारे, सायकलवाले, मुलं, वृद्ध यांची विशेष काळजी चालकाने घ्यावी असं लिहिलेलं आहे. लायसन्स घेताना हे कुणी कुणाला विचारतं का, ते तुम्हीच सांगा.

रस्त्यांचंही तसंच. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांना जागा द्या असं म्हटलं. त्याच सुमारास पुण्यात सायकलमार्ग बांधले गेले, २०१७ मध्ये आठशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या जाळ्याचा आराखडा मंजूर झाला. जे मार्ग झाले त्यांवरून एकदा चालून पाहा. मध्येच झाड, मध्येच विजेची पेटी, मध्येच उभ्या दुचाक्या, आणि चौक आला की मार्ग गायब. सगळ्यात जास्त धोका चौकात, आणि नेमका तिथेच सायकलवाला परत मोटारींच्या पुढ्यात!

सायकलवाल्यांचंही सगळं बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. उलट्या दिशेने येणं, लाल दिव्याला न थांबणं, तिघांनी गप्पा मारत शेजारी-शेजारी चालणं, आणि आता कानात यंत्र घालून चालवणं, हे सगळं मी रोज पाहतो. यात त्यांचाच जीव जातो. शिवाय पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने सायकलवालाच वेगवान, १८७९ मध्ये होता तसाच आजही. जबाबदारी शक्तीप्रमाणे वाटायची म्हटलं, तर सायकलवाल्याच्या वाट्यालाही ती येतेच, चालणाऱ्या म्हातारीच्या बाबतीत. तेव्हा सायकलला पुढे-मागे दिवा लावा. बॅटरीवरचे लुकलुकणारे दिवे आता फार महागही नाहीत.

पण एवढं करून झाल्यावर पुढचा प्रश्नही विचारायला हवा. २०२२ मध्ये आपल्या देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यात पायी चालणारे बत्तीस हजारांवर आणि सायकलवाले जवळजवळ पाच हजार. या साऱ्यांकडे दिवा नव्हता म्हणून ते मेले, असं कुणी म्हणेल का? आणि आजकाल तर वेगळीच तऱ्हा आहे. समोरून येणाऱ्या गाड्यांचे पांढरे दिवे इतके प्रखर, की त्या झोतात सायकलवाल्याचा इवलासा दिवा असून नसल्यासारखा. पूर्वी अंधारात माणूस दिसत नसे, आता उजेडामुळे दिसत नाही! ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेच्या प्रकरणात आदेश दिला, त्यात या डोळे दिपवणाऱ्या दिव्यांचाही विचार आहे. विनाइंजिनाच्या वाहनांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी राज्यांनी सहा महिन्यांत नियम करावेत असंही त्यात सांगितलं आहे. तसे नियम करण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना दिलेलाच होता.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर एक गोष्ट तुम्हा-आम्हाला करता येण्यासारखी आहे, आणि तिला काही खर्च नाही. पुढच्या वेळी अशी बातमी कानावर आली, की आधी "लागलं का फार?" असं विचारायचं. मग "गाडी किती वेगात होती?" असं विचारायचं. दिव्याचं त्यानंतर.

आणि हो, तुमच्या गावात सायकलचा बिल्ला कसा होता, गोल की चौकोनी, आणि त्याचे पैसे किती पडत, हे आठवत असेल तर जरूर कळवा. माझा बिल्ला मला अजून सापडलेला नाही.